विषम सेकंदांच्या फाइली

औसा तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या कागदांचे एक लाकडी कपाट आहे. सभासदांच्या नोंदवह्या, मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्या काळातील उर्दू आणि मोडीतील दस्त, घराघरांतून जमा झालेली पत्रे आणि छायाचित्रे असे बरेच काही त्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि आसपासच्या गावांत माणसांबरोबर असले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. आमचे कपाट राहिले. त्यातील प्रत्येक पान स्कॅन करून ठेवावे म्हणून आम्ही चार-पाच जण गेली तीन वर्षे लातूरहून दर रविवारी गावी जातो, आणि त्या स्कॅनचा बॅकअप सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे.

हा लेख त्या बॅकअपमध्ये आलेल्या एका दुखण्याविषयी आहे. बदललेल्या आणि नव्या फाइली तेवढ्या कॉपी व्हाव्यात अशी व्यवस्था असताना, ज्यांना कोणी हातही लावलेला नाही अशा हजारो फाइली दर वेळी नव्याने कॉपी होत राहतात. यात वेळ जातो हे सर्वांनाच दिसते. माझ्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. बॅकअपनंतर मिळणारी यादी आठ हजार ओळींची असेल, तर ती कोणी वाचत नाही, आणि जी एक फाइल खरोखर चुकून बदलली गेली आहे ती त्या आठ हजारांत दडून राहते. यादी आखूड असेल तरच ती राखणीच्या कामाची.

आमची मांडणी साधी होती. वाचनालयातील जुन्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे आणि बॅकअपसाठी आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेले हे साधन आजही अनेक बॅकअप प्रणालींच्या पोटात काम करते. स्कॅन केलेली पाने सोळा हजारांच्या घरात आहेत. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. ज्या बांधीव वह्या स्कॅनरच्या काचेवर उघडत नाहीत त्यांची पाने कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. ती पाच हजारांच्या आसपास असतील. सगळे मिळून साडेचारशे जीबीच्या आसपास भरते. संगणकाचे यूएसबी पोर्ट जुन्या पिढीचे असल्याने सेकंदाला ३० एमबीच्या पुढे वेग जात नाही. पहिल्या बॅकअपला चार तास लागले, ते हिशेबाप्रमाणेच होते. पुढच्या रविवारी मात्र नवी पाने केवळ चाळीस असताना जवळजवळ दोन तास लागले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या खेपेला मध्येच वीज गेली, इन्व्हर्टर बसला आणि काम अर्धवट राहिले. वाचनालय सांभाळणारे काका कुलूप हातात घेऊन दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सर, नवी पानं चाळीसच हायेत ना, मग एवढा वेळ कॉपीच कसं काय व्हायलंय?" प्रश्न अगदी नेमका होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

अशा वेळी पहिली ओढ असते ती डिस्कवर किंवा केबलवर संशय घेण्याची. दुसरी ओढ असते इंटरनेटवर सापडलेला एखादा पर्याय जोडून पाहण्याची. मीही केबल बदलली आणि एक रविवार वाया घालवला. जे आधी करायला हवे होते ते असे, की साधनालाच विचारावे, तुला ही फाइल बदललेली का वाटते? आरसिंकमध्ये याची सोय आहे. 'ड्राय-रन' हा पर्याय दिला की प्रत्यक्षात काहीही कॉपी न करता काय कॉपी झाले असते तेवढे दिसते, आणि त्याला 'आयटमाइझ-चेंजेस' जोडले की प्रत्येक फाइलच्या नावाआधी अकरा चिन्हांची एक पट्टी येते. नवी फाइल असेल तर त्या पट्टीत नऊ अधिक-चिन्हे असतात. आमच्या हजारो ओळींत मात्र बाणासारखे चिन्ह, मग 'एफ', मग दोन टिंबे, मग एकटा लहान 'टी' आणि पुढे सहा टिंबे असे दिसत होते. 'टी'च्या आधीची जागा आकाराची, म्हणजे 'एस'ची असते. तिथे टिंब होते. याचा अर्थ स्पष्ट होता. आकार जुळतो आहे, फरक फक्त फाइलच्या वेळेत आहे.

इथे आरसिंकचे मूळ गणित सांगितले पाहिजे. फाइल बदलली की नाही हे ठरवण्यासाठी ते आतला मजकूर वाचत नाही. दोन्हीकडच्या फाइलींचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढेच पाहते, आणि दोन्ही जुळले तर पुढे जाते. म्हणूनच सोळा हजार फाइलींची तपासणी मिनिटभरात होते. पण म्हणूनच वेळेत एका सेकंदाचा फरक पडला तरी फाइल बदलली असे धरले जाते. शिवाय 'आरसिंक फक्त बदललेला भाग पाठवते' असे जे सांगितले जाते ते नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाशी बोलताना लागू होते. मूळ फाइल आणि बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच संगणकाला जोडलेल्या असतील तर ते मुद्दाम वेगळे सांगितल्याशिवाय पूर्ण फाइलच नव्याने लिहिते. एका सेकंदाच्या फरकापायी २६ एमबी.

मी एकच फाइल निवडली, नोंदवहीचे एक पान, आणि 'स्टॅट' या आज्ञेने तिची वेळ दोन्ही ठिकाणी पाहिली. संगणकावर होती ११ वाजून ४२ मिनिटे ३७ सेकंद. बॅकअपच्या डिस्कवर होती ११ वाजून ४२ मिनिटे ३६ सेकंद. दुसरी फाइल पाहिली: इकडे ०९ सेकंद, तिकडे ०८. तिसरी अशी घेतली जी यादीत आलेली नव्हती, म्हणजे जी विनातक्रार जुळत होती. तिथे दोन्हीकडे १४ सेकंद होते. यादी पुन्हा नीट मोजली तेव्हा लक्षात आले की स्कॅनपैकी जवळजवळ निम्म्याच फाइली पुन्हा पुन्हा कॉपी होत होत्या, आणि त्या सगळ्या विषम सेकंदांच्या होत्या.

बॅकअपची डिस्क फॅट-३२ या, डिस्कवर फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. दुकानातून घेतानाच "टीव्हीलाही चालेल" म्हणून तशी करून दिली होती आणि मी ती तशीच वापरायला घेतली. फॅटमध्ये फाइलच्या बदलाची वेळ १६ बिटांत लिहिली जाते: तासाला ५ बिट, मिनिटाला ६ बिट आणि सेकंदाला उरलेले ५ बिट. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, ६० सेकंद मावत नाहीत, म्हणून सेकंद दोन-दोनच्या घरांत मोजले जातात. ३७ सेकंद तिथे लिहिताच येत नाहीत. ते ३६ होतात. तारखेलाही १६ बिट आहेत आणि वर्षाला त्यातले ७, म्हणून फॅटचे पंचांग १९८० पासून २१०७ पर्यंतच चालते. ही सगळी काटकसर फ्लॉपीच्या काळातली आहे, आणि तिच्यामुळे आमच्या गावात रविवारी संध्याकाळी दोन तास जात होते.

याच शोधात एक गोष्ट उलगडली, जी आधी कोड्यात टाकत होती. कॅमेऱ्याने काढलेल्या पाच हजार छायाचित्रांपैकी एकही कधी पुन्हा कॉपी होत नव्हते. कारण कॅमेऱ्यातले ३२ जीबीचे कार्ड स्वतःच फॅट-३२ होते. त्यावर जन्मलेल्या फाइलींची वेळ मुळातच सम सेकंदांची होती आणि संगणकावर उतरवताना ती तशीच जपली गेली होती. ज्या फाइली स्कॅनरच्या प्रोग्रॅमने थेट संगणकाच्या डिस्कवर लिहिल्या त्यांच्यात सम-विषम दोन्ही होत्या. बिघाड दिसताना कोणत्या फाइलींना तो होत नाही हेही बघावे, असे मी आता सोबतच्या मुलांना आवर्जून सांगतो. आमच्या बाबतीत खरी खूण तिथेच होती.

यावर उपाय 'मॉडिफाय-विंडो' हा पर्याय. त्याला १ दिले की वेळेतला एका सेकंदापर्यंतचा फरक आरसिंक जुळता मानते. दोन सेकंदांच्या घरातील चूक कधीच एक पूर्ण सेकंदापेक्षा जास्त नसते, त्यामुळे १ पुरते. विंडोजवर रोबोकॉपी हे कॉपीचे साधन वापरणाऱ्यांसाठी याच कामाचा 'एफएफटी' हा पर्याय आहे. तो दोन सेकंदांपर्यंतची ढिलाई देतो. पुढच्या रविवारी बॅकअप चार मिनिटांत झाला आणि काकांनी सहा वाजता कुलूप लावले.

पाच महिने सुरळीत गेले. मग एका रविवारी पुन्हा सगळी यादी आली, आणि या वेळी निम्मी नाही, तर छायाचित्रांसकट सर्वच्या सर्व. पट्टीत पुन्हा तोच एकटा 'टी'. अनुभवाने शहाणा झालो होतो, म्हणून आज्ञा थांबवून आधी एक फाइल पाहिली. दोन्हीकडच्या वेळांत बरोबर १९,८०० सेकंदांचा फरक होता. त्याचे तास केले की ५ तास ३० मिनिटे होतात, आणि हा आकडा पाहिल्यावर भारतात राहणाऱ्या माणसाला पुढे फारसे शोधावे लागत नाही. भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांत नेमके एवढेच अंतर आहे.

त्याचे मूळ असे होते. फॅट आपली वेळ 'स्थानिक वेळ' म्हणून लिहिते, पण ती कोणत्या ठिकाणची हे कुठेच नोंदवत नाही. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची एक्सटी-४ पद्धत जागतिक वेळेत लिहिते, त्यामुळे तिथे हा घोटाळा संभवत नाही. आमच्या संगणकावर लिनक्सबरोबर विंडोजही आहे, आणि दोघांचा मदरबोर्डवरच्या घड्याळाकडे बघण्याचा रिवाज वेगळा: विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ धरते. त्यामुळे विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास चुकलेले दिसायचे. आमच्यातल्या एका मुलाने चांगल्या हेतूने ते दुरुस्त केले, म्हणजे लिनक्सलाही मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितले. घड्याळ जुळले. पण लिनक्सचा गाभा फॅटवरच्या वेळांचा अर्थ लावताना याच मांडणीवर विसंबतो, आणि ती बदलताच डिस्कवरची प्रत्येक जुनी वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसू लागली. फाइलींना कोणी हात लावला नव्हता. वाचणाऱ्याचा चष्मा बदलला होता.

फॅटची डिस्क जोडताना 'टाइम-ऑफसेट' नावाचा पर्याय मिनिटांत देता येतो, किंवा 'टीझेड' हा पर्याय यूटीसीवर ठेवून वेळ जागतिक धरायला सांगता येते. दोन्हींनी काम भागते. मात्र ज्या वेळापद्धतीने जुन्या फाइली लिहिल्या गेल्या तीच कायम धरली पाहिजे. कोणीतरी मला सुचवले की मॉडिफाय-विंडोच १९,८०० करून टाका. हे मी कदापि करणार नाही. तसे केले तर दुपारी स्कॅन केलेले पान त्याच संध्याकाळी दुरुस्त केले, आणि आकार तोच राहिला, तर ती दुरुस्ती बॅकअपला दिसणारच नाही.

त्यानंतर मात्र मी ठरवले की बॅकअपची डिस्क टीव्हीला चालण्याची गरज नाही. सगळ्या फाइलींची आणखी एक प्रत लातूरला माझ्या घरी आहे याची खात्री करून वाचनालयातील डिस्क एक्सटी-४ पद्धतीने नव्याने फॉरमॅट केली. ती आता विंडोजवर आपोआप उघडत नाही, आणि कोणी सहज पेनड्राइव्हसारखी वापरत नाही हा त्यातला मला आवडलेला भाग आहे.

एक्सटी-४ आल्यावर तारीखवार फोल्डर ठेवणे शक्य झाले. आरसिंकच्या 'लिंक-डेस्ट' या पर्यायाने दर रविवारचे स्वतंत्र फोल्डर तयार होते, पण न बदललेली फाइल नव्याने न लिहिता मागच्या रविवारच्या फाइलीलाच दुसरे नाव जोडले जाते. त्याला हार्ड लिंक म्हणतात, आणि फॅटमध्ये ती सोयच नसते. पहिल्याच प्रयोगात दुसऱ्या रविवारचे फोल्डरही पूर्ण साडेचारशे जीबीचे निघाले. पुन्हा एक फाइल, पुन्हा स्टॅट: लिंकांची संख्या १. म्हणजे जोडणी झालीच नव्हती. कारण माझे होते. लिंक-डेस्टला दिलेला मार्ग पूर्ण नसेल तर तो आपण उभे आहोत त्या फोल्डरपासून मोजला जात नाही, जिथे लिहायचे आहे त्या फोल्डरपासून मोजला जातो. माझा मार्ग अस्तित्वात नसलेल्या जागेकडे जात होता. आरसिंकने तशी सूचना एका ओळीत दिली होती, आणि ती ओळ वर सरकून गेली होती. आता मी डिस्कच्या मुळापासूनचा पूर्ण मार्ग लिहितो. याच पर्यायाबाबत आणखी एक लक्षात ठेवावे: जोडणी होण्यासाठी आकार आणि वेळ यांबरोबर फाइलीची मालकी आणि परवानग्याही जुळाव्या लागतात. कोणी संपूर्ण फोल्डरच्या परवानग्या एका आज्ञेत बदलल्या, तर पुढच्या रविवारी सगळे एकदा नव्याने लिहिले जाईल. ते एकदाच होते, दर आठवड्याला होत असेल तर कारण दुसरे आहे.

नांदेडच्या एका मित्राच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या नावापुढची तिरपी रेघ राहून गेली होती. आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावापुढे ती रेघ असेल तर आतला मजकूर कॉपी होतो, नसेल तर फोल्डर स्वतः आत जाऊन बसते. त्यामुळे त्याच्याकडे 'स्कॅन'च्या आत पुन्हा 'स्कॅन' तयार झाले होते. आणखी एकाने वेळ, परवानग्या वगैरे जपणारे नेहमीचे पर्याय एकत्र देणारा 'ए' सोडून नुसता 'आर' दिला होता. अशा वेळी वेळ जपलीच जात नाही, बॅकअपमधील प्रत्येक फाइलीला कॉपी झाली त्या क्षणाची वेळ मिळते, आणि पुढच्या खेपेला सगळे पुन्हा. या प्रकाराची खूण अशी की पट्टीत लहान 'टी'च्या जागी मोठा 'टी' येतो.

यादी अचानक फुगण्याचे एक कारण आमच्या भागात २०२३ नंतर अनेकांना भेटले असेल. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. आमच्याकडे शेजारच्या जिल्ह्यातील गावांतून आलेल्या कागदांचे फोल्डर 'उस्मानाबाद' नावाचे होते. कोणीतरी ते 'धाराशिव' केले, जे योग्यच होते. पण आरसिंकच्या लेखी फाइलीची ओळख म्हणजे तिचा मार्ग; फोल्डरचे नाव बदलणे त्याला कळत नाही. त्याला दिसले एवढेच, की 'धाराशिव' नावाचे तीन हजार फाइलींचे नवे फोल्डर आले आहे. पट्टीत सगळीकडे अधिक-चिन्हे होती, म्हणून कारण लगेच समजले. उपाय साधा आहे: बॅकअप चालवण्याआधी बॅकअपच्या डिस्कवरही त्या फोल्डरचे नाव हाताने बदलायचे. तारीखवार फोल्डर असतील तर सर्वांत अलीकडच्या फोल्डरमध्ये बदलले की पुरते.

नावांच्याच बाबतीत सर्वांत बारीक आणि खास मराठी अडचण आली ती 'शेतकऱ्यांचे अर्ज' या फोल्डरमध्ये. फिकट झालेले अर्ज वाचण्याजोगे करण्यासाठी आमच्या एका सहकाऱ्याने ते आपल्या जुन्या मॅकवर नेले आणि काम झाल्यावर झिप करून परत दिले. ती झिप उघडल्यावर जुन्या फोल्डरच्या शेजारी दुसरे फोल्डर दिसू लागले, आणि दोघांचे नाव अक्षर न अक्षर सारखे. एका जागी एकाच नावाची दोन फोल्डर असूच शकत नाहीत, तरी पडद्यावर ती होती, आणि बॅकअपने दुसरे फोल्डर नवे समजून पूर्ण कॉपी केले. त्यात आमच्या सहकाऱ्याने न उघडलेल्याही शेकडो फाइली होत्या.

यातला फरक 'ऱ्या'मधल्या अर्ध्या र चा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेत-क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'ऱ' हे अक्षर एका संकेतात लिहिता येते, क्रमांक ०९३१. आणि साधा 'र' अधिक खाली नुक्ता अशा दोन संकेतांतही लिहिता येते. दोन्ही लेखने युनिकोडच्या नियमाने समतुल्य आहेत आणि पडद्यावर सारखीच दिसतात. पण जुन्या मॅकची एचएफएस-प्लस ही फाइल पद्धत नावे साठवतानाच अशी अक्षरे सुटी करून ठेवते. आमच्या लिनक्सवर मात्र कळफलकाने दिलेले एकसंध 'ऱ' जसेच्या तसे राहते. यूटीएफ-८ या, संकेत बाइटमध्ये लिहिण्याच्या रीतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा असतो, त्यामुळे एका नावात जिथे तीन बाइट आहेत तिथे दुसऱ्यात सहा. फोल्डरच्या नावातील बाइट मोजल्यावर तीनचा फरक आला आणि कोडे सुटले. 'कॉन्व्हएमव्ही' या साधनाने नावे एकसंध रूपात, म्हणजे एनएफसी रूपात आणता येतात. तिसरीही एक रीत आहे, जिच्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक वापरून तोच अर्धा र काढतात. ती मात्र युनिकोडच्या दृष्टीने वेगळीच मानली जाते आणि एनएफसी करूनही जुळत नाही. 'शेतकऱ्यांचे', 'दुसऱ्या', 'नोकऱ्या' असे शब्द फाइलींच्या नावांत असलेल्या कोणालाही हे होऊ शकते. आम्ही आता नावे एकाच संगणकावर, एकाच कळफलकाने देतो.

संभाजीनगरला राहणारे माझे थोरले बंधू यातली एक प्रत त्यांच्याकडे बोर्ग हे बॅकअपचे दुसरे साधन वापरून ठेवतात. त्यांचा फोन आला की दर वेळी सगळ्याच फाइली वाचल्या जातात. "आण्णा, जागा वाढतेय का?" मी विचारले. जागा वाढत नव्हती. बोर्ग आणि रेस्टिक ही साधने मजकुराचे तुकडे करून ओळखतात, त्यामुळे तोच तुकडा दोनदा साठवत नाहीत. पण फाइल पुन्हा वाचायची की नाही हे ठरवताना ती वेळ आणि आकार यांबरोबर फाइलीचा आयनोड क्रमांकही, म्हणजे फाइल पद्धतीने तिला दिलेला अंतर्गत क्रमांकही, पाहतात. आण्णांचा मूळ फोल्डर नेटवर्कवरून जोडलेला होता, आणि अशा जोडणीत हा क्रमांक दर वेळी वेगळा येऊ शकतो. म्हणून त्यांचे बोर्ग सर्व वाचत होते, पण साठवत काहीच नव्हते. बोर्गला आयनोड सोडून बाकीचे पाहायला सांगता येते, रेस्टिकलाही. बॅकअपला वेळ लागतो अशी तक्रार आली की मी आता आधी हे विचारतो: फक्त वाचले जाते आहे, की लिहिलेही जाते आहे? दोन्हींची कारणे वेगळी असतात.

आता ज्या उपायाची मला खरोखर भीती वाटते त्याविषयी. 'साइझ-ओन्ली' असा एक पर्याय आरसिंकमध्ये आहे. तो दिला की वेळ पाहिलीच जात नाही, फक्त आकार पाहिला जातो, आणि वर सांगितलेली बहुतेक दुखणी एका फटक्यात थांबतात. म्हणूनच तो लोकप्रिय आहे. पण आमच्या टिफ फाइली न दाबलेल्या आहेत. एका पानाचे ठिपके धरले की २,६०,९९,५२० बाइट होतात, आणि त्याच मापाच्या प्रत्येक पानाचे तेवढेच होतात. उलटे स्कॅन झालेले पान कोणी सरळ केले, फिकट शाई उठावदार केली, तरी बाइट तेवढेच राहतात. साइझ-ओन्ली दिले असते तर आमच्या तीन वर्षांच्या दुरुस्त्यांपैकी फार थोड्या बॅकअपपर्यंत पोहोचल्या असत्या, आणि कोणतीही चूक दाखवली गेली नसती. जास्त कॉपी करणारा बॅकअप माणसाला दमवतो, पण प्रत ठेवतो. कमी कॉपी करणारा बॅकअप शांत असतो, आणि त्याची उणीव कळते ती मूळ फाइल गेल्यानंतर.

'चेकसम' हा पर्याय उलट टोकाचा आहे. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून मजकूर ताडतो. दर रविवारी तो देणे म्हणजे पुन्हा चार तास, म्हणून रोजच्या कामाला तो नको. पण वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत, मी तो ड्राय-रनसह चालवून ठेवतो. ज्या फाइलीचा आकार आणि वेळ दोन्ही जुळतात आणि तरी मजकूर वेगळा आहे, अशी एखादी फाइल असलीच तर ती शोधायचा हाच मार्ग आहे. आतापर्यंत अशा दोन सापडल्या. दोन्ही वेळा बॅकअपमधील प्रत चांगली आणि संगणकावरची खराब होती.

मागच्या रविवारी बॅकअपच्या यादीत एकतीस ओळी होत्या. तीस ओळींत नऊ-नऊ अधिक-चिन्हे. ती त्या दिवशी स्कॅन केलेली पाने. एकतिसाव्या ओळीत बाण, 'एफ', दोन टिंबे आणि लहान 'टी'. नाव होते सभासद नोंदवहीच्या एका जुन्या पानाचे, जे दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाले होते. उघडून पाहिले तर पानाच्या डाव्या अंगाला, जिथे सभासदांच्या सह्या आणि काही जणांचे अंगठे आहेत, तिथे एक पांढरा चौकोन होता. दुपारी कोणीतरी दुसरेच पान समजून त्यावरचा डाग पुसला होता. काका शेजारी उभे होते. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिले आणि म्हणाले, "माझ्या वडलाचा अंगठा हाय तिथं." मी आधीच्या रविवारच्या फोल्डरमधून ती फाइल परत आणली, तिची वेळ जुनीच राहील अशा रीतीने कॉपी केली आणि ड्राय-रन पुन्हा चालवला. या खेपेला तीसच ओळी आल्या.